इमॅटिनिब ४००: गोळी खणखणीत, पण सोबत काय घेता ते पाहा

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कॅन्सरवर रोज घ्यायची इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची जेनेरिक गोळी हा या परीक्षणाचा विषय. वीनॅट, इमॅटिब, इमालेक अशा वेगवेगळ्या नावांनी ती मुंबईत मिळते. कुठली कंपनी सरस, हा इथला प्रश्न नाही. ही गोळी घरात आल्यावर ती नीट काम करावी म्हणून काय सांभाळायचं, ते सांगायचं आहे.

मत आधीच सांगतो. गोळी उत्तम आहे. ती फसते तेव्हा अनेकदा दोष गोळीत नसतो. एकतर ती रोजच्या रोज पोटात गेलेली नसते, किंवा दुसरं एखादं औषध तिच्या वाटेत आलेलं असतं आणि रक्तातलं तिचं प्रमाण घसरलेलं किंवा चढलेलं असतं. यातलं पाकिटावर फार थोडं लिहिलेलं असतं, आणि आतली बारीक अक्षरांतली पत्रिका कोणी वाचत नाही.

ती करते काय, हे थोडक्यात. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात. आखूड झालेलं २२वं गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. ही अदलाबदल आहे हे जॅनेट रावली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं एक एन्झाइम तयार होतं. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनांना लावायचा, हे त्याचं काम. निरोगी पेशीत असं एन्झाइम गरजेपुरतं चालतं आणि थांबतं. हे थांबतच नाही, म्हणून पांढऱ्या पेशी वाढतच राहतात. इमॅटिनिब या एन्झाइमच्या एटीपीच्या खाचेत जाऊन बसतं, तेही एन्झाइम निष्क्रिय आकारात असताना, आणि त्याला तिथेच अडकवून ठेवतं. वाढीचा निरोप तुटला की ल्युकेमियाच्या पेशी मरतात. मात्र अस्थिमज्जेत सुप्त पडलेल्या काही मूळ पेशी या गोळीने मरत नाहीत. रिपोर्ट चांगला आला तरी गोळी चालू का ठेवायची, याचं उत्तर त्या पेशींत आहे.

अमेरिकेत या औषधाला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. आयरिस या मोठ्या चाचणीत इमॅटिनिबने सुरुवात केलेल्या रुग्णांपैकी १० वर्षांनंतर हयात असलेल्यांचं अंदाजित प्रमाण ८३.३ टक्के होतं. तोंडाने घ्यायच्या एका गोळीने कॅन्सरमध्ये एवढी मजल मारल्याची उदाहरणं फार नाहीत, आणि म्हणूनच ती निष्काळजीपणे वाया जाताना पाहिलं की जिवाला लागतं.

आता पाकीट. पाकिटावर ‘इमॅटिनिब मेसिलेट, इमॅटिनिब ४०० मिग्रॅ इतकं’ अशा अर्थाची ओळ असते. गोळीत मेसिलेट क्षाराच्या स्वरूपातलं औषध ४७८ मिलिग्रॅम असतं आणि त्यातला मूळ इमॅटिनिबचा भाग ४०० मिलिग्रॅम. १०० च्या गोळीत हाच हिशेब ११९.५ चा. एखाद्या कागदावर ४७८ दिसलं तर मात्रा वाढवली असं समजून घाबरू नये. डॉक्टर जी मात्रा लिहितात ती नेहमी इमॅटिनिबची असते, क्षाराची नव्हे.

स्फटिकरूपाचा मुद्दाही वारंवार विचारला जातो. मूळ ब्रँडमध्ये बीटा स्फटिक वापरला आहे आणि त्याच्या पेटंटवरून मूळ ब्रँडची कंपनी नोव्हार्टिस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा आधार घेऊन ते नाकारलं. कंपनीचा दावा होता की बीटा रूपाची पूड चांगली ओघळते, जास्त स्थिर असते आणि हवेतली ओल कमी शोषते. हे गुण कारखान्यात आणि साठवणीत कामाचे आहेत. पोटात विरघळल्यावर कुठल्याही रूपातून सुटणारा रेणू एकच. त्या काळात मूळ ब्रँडचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये आणि जेनेरिकचा ८,००० ते १०,००० रुपये असा फरक बातम्यांत दिला जायचा. आज इमॅटिनिब अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं. तरी छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत अंतर असतं. परळला टाटा आणि केईएमच्या आसपासचे केमिस्ट, प्रिन्सेस स्ट्रीटचा दवाबाजार, जनऔषधी केंद्र आणि रुग्णालयाची स्वतःची फार्मसी, अशा ठिकाणी दर गोळीमागे भाव विचारावा. स्ट्रिपमागे विचारला तर १० आणि ३० गोळ्यांच्या पाकिटांत गोंधळ होतो. बिल घ्यावंच, आणि बिलावरचा बॅच नंबर स्ट्रिपवरच्या नंबराशी दुकानातच ताडून पाहावा. बिलाशिवाय स्वस्त मिळणारी कॅन्सरची गोळी घेऊ नये. दिल्लीत २०२४ मध्ये कॅन्सरच्या औषधांच्या रिकाम्या कुप्या पुन्हा भरून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली होती, हे लक्षात असू द्यावं.

ब्रँड बदलला तर? चालतं. पण दर महिन्याला जो स्वस्त मिळेल तो, असं करू नये. बदल केला तर तारीख लिहून ठेवावी आणि पुढच्या पीसीआरच्या (रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजणाऱ्या तपासणीच्या) वेळी डॉक्टरांना सांगावी. आकडा हलला तर कारण शोधायला तेवढा धागा पुरतो.

साठवण मुंबईत खरोखर महत्त्वाची आहे. ३० अंशांखाली आणि ओलीपासून दूर, ही पाकिटावरची अट इथल्या मे महिन्यात आणि जुलैत पाळणं सोपं नाही. स्वयंपाकघरातलं फडताळ आणि बाथरूममधलं कपाट या दोन्ही जागा वाईट. आठवड्याच्या सात कप्प्यांच्या प्लास्टिक डबीत गोळ्या काढून ठेवायची सवय इतर औषधांना चालत असेल. ही गोळी पावसाळ्यात तरी स्ट्रिपमध्येच राहू द्यावी. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, आणि बाहेर काढल्यावर गार स्ट्रिपवर दव धरतं ते वेगळंच. गोळीचा थर सुटलेला, रंग फुटलेला किंवा ती मऊ पडलेली दिसली तर ती घेऊ नये, केमिस्टला परत दाखवावी.

घेण्याची पद्धत साधी आहे. सीएमएलच्या क्रॉनिक, म्हणजे सुरुवातीच्या संथ टप्प्यात दिवसातून एकदा ४०० मिलिग्रॅम, पुढच्या टप्प्यांत ६०० किंवा डॉक्टर ठरवतील तितकं. गोळी जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यायची, कारण ती जठराच्या अस्तराला झोंबते. उपाशीपोटी घेतली की मळमळ येते, मळमळीमुळे गोळी टळते, आणि इथूनच बिघाड सुरू होतो. भरपेट जेवणाच्या मध्यावर घेतली तर मळमळ बरीच कमी होते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळही जेवणच धरावं. नुसत्या चहावर घेऊ नये. रात्री घेत असाल तर गोळी गिळून लगेच आडवं होऊ नका. ज्यांना रात्री उशिरा घरी पोचायची सवय आहे त्यांनी दुपारच्या डब्याबरोबरची वेळ ठरवलेली बरी, कारण लोकलच्या गर्दीतून थकून आल्यावर जेवण टळतं आणि गोळीही.

गिळता येत नसेल तर ४०० ची गोळी सुमारे २०० मिलिलिटर पाण्यात किंवा सफरचंदाच्या रसात टाकावी (१०० ची असेल तर ५० मिलिलिटर), चमच्याने ढवळावं, विरली की लगेच प्यावं. पेल्याला चिकटलेला गाळ थोडं पाणी घालून तोही प्यावा. कोरडी कुटून पूड करू नये. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. गर्भाला धोका असल्यामुळे उपचार चालू असताना गर्भधारणा टाळायची असते, आणि बाळाला अंगावर पाजायचं नसतं. गोळी राहून गेली आणि त्याच दिवशी आठवली तर पुढच्या खाण्याबरोबर घ्यावी. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. उलटी झाली तरी पुन्हा घेऊ नये.

आता मूळ विषय. इमॅटिनिब स्वतः एका एन्झाइमला रोखतं, आणि इमॅटिनिबला शरीराबाहेर काढायचं काम दुसरं एन्झाइम करतं: यकृत आणि आतड्यातलं सीवायपी३ए४. इमॅटिनिबचं अर्धआयुष्य सुमारे १८ तासांचं आणि त्यापासून बनणाऱ्या, तितक्याच कामाच्या रेणूचं सुमारे ४० तासांचं, म्हणून दिवसातून एकदा पुरतं. गोळी घेण्याच्या आधी रक्तात उरलेलं प्रमाण साधारण १,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असावं, असा दंडक अनेक तज्ज्ञ वापरतात. सीवायपी३ए४ला कुणी रोखलं तर हा आकडा वर जातो आणि दुष्परिणाम वाढतात. कुणी चेतवलं तर आकडा खाली येतो, आणि ल्युकेमियाच्या पेशींना उसंत मिळते. पहिला प्रकार अंगावर दिसतो. दुसरा दिसत नाही. माणसाला उलट बरं वाटतं, सूज उतरते, मळमळ जाते, आणि तीन महिन्यांनी पीसीआरचा आकडा चढलेला येतो. म्हणून दुसऱ्याची धास्ती जास्त धरावी.

या दुसऱ्या प्रकारातलं मुंबईतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे रिफाम्पिसिन. क्षयरोगाच्या उपचारात ते असतंच, आणि आपल्या शहरात सीएमएलच्या रुग्णाला क्षय होणं ही काही दुर्मीळ कल्पना नाही. निरोगी स्वयंसेवकांना आठ दिवस रोज ६०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन देऊन नंतर इमॅटिनिब दिलं तेव्हा रक्तातलं एकूण प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांनी घसरलं. म्हणजे ४०० ची गोळी शंभराच्या आसपास उरली. महापालिकेच्या दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत चार औषधं एकत्र असतात, त्यामुळे रिफाम्पिसिनची वेगळी गोळी दिसत नाही. स्ट्रिपवरची नावं वाचावीत. लघवी नारिंगी-लालसर होते ही त्याची खूण. काय करायचं? क्षयाचे उपचार थांबवायचे नाहीत, इमॅटिनिबही थांबवायचं नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवायच्या. एकतर क्षयाच्या औषधांत बदल होतो, रिफाम्पिसिनऐवजी कमी चेतवणारं रिफाब्युटिन येऊ शकतं. नाहीतर इमॅटिनिबची मात्रा किमान दीडपट करून रक्ताच्या तपासण्या जवळजवळ घेतल्या जातात. आणि इथे एक चूक हमखास होते: सहा महिन्यांनी रिफाम्पिसिन संपतं, पण वाढवलेली मात्रा तशीच राहते. रिफाम्पिसिनचा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यानंतर तीच मात्रा जड होऊ लागते. क्षयाचा कोर्स संपण्याची तारीख रक्ताच्या डॉक्टरांच्या कागदावर आधीच लिहून घ्यावी.

फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही फिटची औषधंही याच रांगेत. पण ती स्वतःहून बंद करणं अधिक धोक्याचं, कारण मग फिट येऊ शकते. लेव्हेटिरासिटामसारखा पर्याय न्यूरॉलॉजिस्टकडून मागून घ्यावा.

आता रोखणारी औषधं. इथे आपल्या हवेचा हात आहे. दमट हवा, घामाने ओले कपडे, जांघेतला नायटा, आणि मग केमिस्टने किंवा त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं इट्राकोनॅझोल, दिवसातून दोनदा, कित्येक आठवडे. हे सीवायपी३ए४चं जोरदार रोधक आहे. त्याच्याच जातीच्या केटोकोनॅझोलचा एक डोस इमॅटिनिबबरोबर दिला तर इमॅटिनिबचं एकूण प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे, रक्तातल्या पेशी खाली, अशा तक्रारी अचानक वाढल्या की आधी नवं औषध काय आलं ते विचारावं. इट्राकोनॅझोल बंद केल्यावरही त्याचा जोर आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. नायट्यासाठी वरून लावायचं मलम किंवा टर्बिनाफिन हा या बाबतीत सुटसुटीत मार्ग आहे, कारण टर्बिनाफिन सीवायपी३ए४ला अडवत नाही. केटोकोनॅझोलचा शाम्पू डोक्याला लावला तर काही बिघडत नाही. रक्तात जवळपास काही उतरत नाही. फ्लुकोनॅझोल मधल्या ताकदीचं. घसा-छातीच्या संसर्गाला क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन टाळावं, अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या मानाने सोयीचं. रक्तदाब किंवा हृदयासाठी व्हेरापामिल, डिल्टियाझेम चालू असेल तर सुरुवातीलाच सांगावं.

फळांत ग्रेपफ्रूट वर्ज्य, हे पत्रिकेत असतं. आपल्याकडे ते फारसं मिळत नाही, पण त्याच घराण्यातलं पपनस गणपतीच्या दिवसांत बाजारात येतं, आणि आतड्यातल्या या एन्झाइमला अडवणारी द्रव्यं त्यातही आहेत. ते टाळावं. संत्री आणि मोसंबी खायला हरकत नाही.

इमॅटिनिब स्वतःही सीवायपी३ए४ला अडवतं, त्यामुळे त्याच वाटेने जाणारी दुसरी औषधं चढतात. सिम्वास्टॅटिनचं रक्तातलं एकूण प्रमाण सुमारे साडेतीनपट होतं, आणि स्नायू दुखू लागले की दोष इमॅटिनिबला दिला जातो. कोलेस्टेरॉलची गोळी लागत असेल तर या वाटेवर फारशी अवलंबून नसलेली, जसं रोसुवास्टॅटिन, डॉक्टरांकडून विचारून घ्यावी. रक्त पातळ करायला वॉर्फरिनच्या ऐवजी हेपारिनची इंजेक्शनं द्यावीत असं उत्पादकाच्या पत्रिकेतच लिहिलेलं असतं. थायरॉइड काढलेल्या आणि थायरॉक्सिनवर असलेल्या रुग्णांत टीएसएच चढतो, तो तपासत राहावा. पॅरासिटामॉल तापासाठी चालतं, पण मोठ्या मात्रेत दिवसेंदिवस नको, कारण दोघांचाही भार यकृतावर पडतो.

याच कारणाने काढे आणि ‘इम्युनिटी’च्या गोळ्यांबद्दल आमची भूमिका कडक आहे. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, इमॅटिनिब घेणाऱ्याचं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) चढलं आणि घरात तीन बाटल्या काढ्याच्या असतील, तर कुणामुळे चढलं ते ठरवता येत नाही आणि नुकसान इमॅटिनिबचं होतं, कारण बंद तेच केलं जातं. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवरची परदेशी वनस्पती ऑनलाइन सहज मिळते, तिने इमॅटिनिबचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घसरतं. मिरीतल्या पायपेरिनचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल टाळाव्यात. आमटीतली हळद आणि मिरी खुशाल खावी.

अ‍ॅसिडिटीच्या बाबतीत ही गोळी तिच्या पुढच्या पिढीपेक्षा उजवी आहे, आणि हा गुण पुरेसा वाखाणला जात नाही. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल घेतलं तरी इमॅटिनिबच्या शोषणात कामापुरता फरक पडत नाही. त्या पुढच्या पिढीतल्या डासाटिनिबला मात्र पोटात आम्ल लागतंच. आधी फॅमोटिडिन घेतलं तर डासाटिनिबचं एकूण प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांनी पडतं. ओमेप्राझोलनेही मोठी घट होते. पातळ अँटासिड घ्यायचंच झालं तर दोन तास आधी किंवा दोन तास नंतर. आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीत सवयीने पॅन्टोप्राझोल लिहिलं जातं, म्हणून इमॅटिनिबवरून डासाटिनिबवर जाताना ही गोळी चिठ्ठीतून काढली आहे ना, ते पाहावं. त्याच पिढीतल्या निलोटिनिबचा नियम उलट्या बाजूचा: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. तुपकट जेवणानंतर त्याचं प्रमाण सुमारे ८२ टक्क्यांनी वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. इमॅटिनिबची ‘जेवणाबरोबर’ची सवय तशीच पुढे नेली तर घात होतो.

दुष्परिणामांत डोळ्यांभोवतीची सकाळची सूज सर्वात ओळखीची. मीठ कमी करावं, उशी थोडी उंच घ्यावी. ती मूत्रपिंडाची सूज नव्हे. पण चार-पाच दिवसांत वजन भराभर वाढलं किंवा दम लागला तर लगेच दाखवावं. चेहऱ्याचा रंग उजळणं आपल्याकडे बऱ्याच जणांत दिसतं. निरुपद्रवी आहे, उन्हापासून जपावं. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), दुसऱ्यात पंधरवड्याला, पुढे गरजेनुसार. यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आणि मग महिन्याला. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्यास गोळी थांबवतात, १,५०० आणि ७५,००० च्या वर आल्यावर पुन्हा ४०० ने सुरू करतात, आणि परत तसंच झालं तर ३०० वर आणतात. बिलिरुबिन सामान्य मर्यादेच्या तिप्पट किंवा एसजीपीटी पाचपट झालं तरी थांबवतात. हे निर्णय डॉक्टरांचे. आकडे रुग्णाला माहीत असले की ‘पेशी जरा कमी’ असल्याच्या भीतीने घरच्या घरी गोळी बंद होत नाही.

आणि ती बंद होते, हीच खरी अडचण. लंडनमध्ये ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप बसवून २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत मोठा रेणवीय प्रतिसाद (पीसीआरचा आकडा ०.१ टक्का किंवा कमी) मिळण्याची शक्यता ९४.५ टक्के आली, आणि ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४ टक्के. दहा टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या. लग्नाला गावी गेलो, स्ट्रिप घरी राहिली, एवढ्यात तीन दिवस जातात. प्रवासाच्या बॅगेत बॅच नंबर दिसेल अशी पाच-सहा गोळ्यांची कापलेली स्ट्रिप कायम ठेवावी, आणि महिन्याची शेवटची स्ट्रिप उघडतानाच पुढच्या पाकिटाची ऑर्डर द्यावी.

गोळी लागू पडते आहे का, ते बीसीआर-एबीएलच्या पीसीआरवरून कळतं. सीबीसी नॉर्मल आला म्हणजे झालं, असं नाही. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत रक्त देतात. त्यातला आरएनए लवकर खराब होतो, म्हणून नमुना त्याच दिवशी लॅबला पोचेल असं पाहावं, शनिवारी संध्याकाळी देऊ नये. रिपोर्टवर ‘आंतरराष्ट्रीय मोजपट्टी’ म्हणजे आयएस लिहिलेलं असावं, आणि दर वेळी लॅब तीच असावी. तीन महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी १ टक्का, वर्षाने ०.१ टक्का, हे टप्पे. एखादा टप्पा चुकला तर लगेच गोळी वाईट ठरवू नये. आधी राहिलेल्या गोळ्या मोजाव्यात, मग सोबतच्या औषधांची यादी तपासावी, आणि त्यानंतर म्युटेशनची, म्हणजे बीसीआर-एबीएलच्या जनुकात झालेल्या बदलाची तपासणी. या क्रमाने गेलं तर काहींना महागडं औषध बदलावंच लागत नाही.

म्युटेशनमध्ये टी३१५आय सर्वात त्रासदायक. एन्झाइमच्या ३१५व्या जागेवरचं थ्रिओनिन जाऊन आयसोल्युसिन येतं, खाचेत बसायची जागा अडते, आणि इमॅटिनिब, डासाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब चारही निकामी होतात. मात्रा वाढवून इथे काही साधत नाही. तिथे पोनॅटिनिब किंवा असिमिनिब लागतं. असिमिनिब एटीपीच्या खाचेत न बसता एन्झाइमच्या दुसऱ्याच कप्प्यात बसतं.

ल्युकेमियाच्या घरांत एक गोंधळ आणखी दिसतो, म्हणून शेजारच्या गोळीबद्दलही सांगणं भाग आहे. लहान मुलांच्या एएलएल या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियामध्ये ६-मर्कॅप्टोप्युरिन महिनोन्‌महिने चालतं. ते मोडणाऱ्या एन्झाइमांपैकी एक झँथिन ऑक्सिडेज, आणि युरिक अ‍ॅसिडवरचं अ‍ॅलोप्युरिनॉल नेमकं त्यालाच रोखतं. दोन्ही एकत्र दिली तर मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा नेहमीच्या पाव ते एक तृतीयांशावर आणावी लागते, नाहीतर अस्थिमज्जा बसते. फेबुक्सोस्टॅट या युरिक अ‍ॅसिडवरच्याच दुसऱ्या औषधाबरोबर तर ते देऊच नये. एनयूडीटी१५ जनुकातले बदल आशियाई लोकांत बऱ्यापैकी आढळतात आणि अशा मुलांना नेहमीची मात्राही जड जाते, म्हणून ती तपासणी आधी करून घेणं हिताचं. इमॅटिनिबच्या सुरुवातीला पांढऱ्या पेशी खूप असतात तेव्हा दिलेलं अ‍ॅलोप्युरिनॉल मात्र चालतं. तिथे हे भांडण नाही. एका घरात दोन रुग्ण असतील किंवा शेजाऱ्याकडून अनुभवाचा सल्ला येत असेल, तर नाव आणि मात्रा दोन्ही पाहूनच पुढे जावं.

गोळी कायमची सोडता येते का, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. काहींना येते. फ्रान्समधल्या चाचणीत किमान दोन वर्षं पीसीआरमध्ये काहीच न सापडलेल्या १०० जणांनी गोळी थांबवली, आणि वर्षानंतर साधारण ४१ टक्क्यांचा आजार परतला नव्हता. परतला तोही बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून थांबवायचं तर सुरुवातीला दर महिन्याला आयएस मोजपट्टीवरचा पीसीआर करणारी लॅब हाताशी हवी, आणि आकडा ०.१ टक्क्याच्या वर गेला की त्याच आठवड्यात गोळी पुन्हा सुरू करता यावी इतका साठा घरात हवा.